मागच्या बाकावर कोणी बसलं होतं का?

प्रश्न : ताई, मी पारोळा तालुक्यातली. वय २६. इंग्रजी घेऊन एम.ए. केलं, नंतर बी.एड. केलं. मोबाइलवर रोज एक जाहिरात येते : इतर भाषा बोलणाऱ्यांना इंग्रजी शिकवण्याचं १२० तासांचं टेसॉल प्रमाणपत्र, घरबसल्या, काही हजारांत, आणि सवलत म्हणे आज रात्रीपर्यंतच. भरू का पैसे? दुसरं विचारायला लाज वाटते. आमच्या घरात अहिराणीच चालते आणि माझ्या इंग्रजीला गावाचा वास आहे असं कॉलेजात एकीने तोंडावर म्हटलं होतं. आपल्यासारखीने दुसऱ्यांना इंग्रजी शिकवायला जावं का?

उत्तर : ताई म्हणालीस, आणि माझ्या लेकीच्या वयाची आहेस, म्हणून तुला तू म्हणते. तुझा दुसरा प्रश्न आधी घेते. पैशांचा प्रश्न एका संध्याकाळी सुटेल, दुसरा प्रश्न मी तीस वर्षं अंगावर वागवला आहे.

माझं माहेर शिंदखेडा तालुक्यात. आमच्या घरात काळा म्हणजे काया आणि डोळा म्हणजे डोया. पाचवीत मराठीच्या तासाला धडा वाचायला उभी राहिले, पुस्तकात 'काळा' छापलेलं होतं आणि तोंडातून 'काया' गेलं. वर्ग हसला, बाईही हसल्या. त्याच वर्षी आमचं इंग्रजी सुरू झालं. तेव्हा ते पाचवीपासून असायचं, मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं. मराठीच्या तासाला बसलेली भीती मी तशीच इंग्रजीच्या तासाला घेऊन गेले. व्याकरणात पैकीच्या पैकी, निबंधात बक्षीस, आणि तोंडाने एक वाक्य नाही. बी.ए.पर्यंत असंच चाललं.

म्हणून सांगते, गावाची छाप ही अडचण नाही. समोरच्याला पहिल्या खेपेला कळलं का, एवढंच पाहायचं. आपल्याकडच्या माणसाला नडतात त्या जागा मोजक्या आहेत. 'शिप' आणि 'शीप' यांतला फरक आपण लिहिताना ह्रस्व-दीर्घाने दाखवतो, पण बोलताना पाळत नाही. 'वेस्ट' म्हणजे पश्चिम आणि 'व्हेस्ट' म्हणजे बंडी, हे दोन्ही आपण एकाच व-ने म्हणतो. आणि सगळ्यांत महत्त्वाचा म्हणजे आघात. 'फोटोग्राफ'मध्ये जोर पहिल्या अक्षरावर, 'फोटॉग्राफर'मध्ये दुसऱ्यावर, 'फोटोग्राफिक'मध्ये तिसऱ्यावर. मराठीत सगळी अक्षरं जवळपास सारख्या जोराने म्हटली तरी अर्थाला धक्का लागत नाही. इंग्रजीत जोर चुकला की ऐकणारा शब्दच ओळखत नाही. हे दोन महिन्यांच्या सरावाने सुधारतं. आणि ज्याने स्वतः सुधारलं आहे, त्याला ते दुसऱ्याचं नेमकं कुठे अडलं आहे हे ऐकू येतं.

अहिराणी तर तुझी पुंजी आहे. 'मी जास' आणि 'मी जाई राहिनू' यांतला फरक तुला कोणी कधी शिकवला? 'आय गो' आणि 'आय ॲम गोइंग' यांत तोच फरक आहे. पारोळ्याच्या पोराला हे अर्ध्या मिनिटात दाखवता येतं, आणि ते दाखवायला त्याची बोली येणारा माणूस लागतो. मी मुंबईत इंग्रजी शिकवण्याचं प्रशिक्षण घेतलं, त्याबद्दल पुढे सांगतेच. तिथे इंग्लंडहून आलेला एक तरुण सोबत होता. शिकवण्याची मनापासून ओढ असलेला मुलगा. 'आय हॅव ईटन' आणि 'आय एट' यांत काय फरक, असं विद्यार्थ्याने विचारलं की तो थबकायचा. त्याला दोन्ही वाक्यं कधी शिकावीच लागली नव्हती. आपण ती एकेक करून शिकलो, कुठे ठेच लागली ते आपल्याला आठवतं.

आता प्रमाणपत्राकडे येते. टेफल, टेसॉल ही नावं म्हणजे एखादी पदवी नाही आणि एखाद्या संस्थेच्या मालकीचीही नाहीत. इंग्रजी परकी भाषा म्हणून शिकवणं किंवा इतर भाषिकांना शिकवणं, एवढाच त्यांचा अर्थ. ही नावं घालून प्रमाणपत्र कोणीही छापू शकतं. त्यामुळे टेसॉल प्रमाणपत्र चांगलं का, हा प्रश्न पुरेसा होत नाही. ते कोणाचं आहे आणि त्यात काय करून घेतात, हे विचारायला हवं.

जगभर ओळखली जाणारी सुरुवातीची प्रमाणपत्रं मुख्यतः दोन. एक केंब्रिजचं सेल्टा, दुसरं लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजचं सर्टटेसॉल. सेल्टाचं मूळ १९६२ सालात आहे. जॉन हेक्राफ्ट यांनी लंडनमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्यांसाठी दोन आठवड्यांचा एक छोटा वर्ग काढला. त्या काळी शिक्षक तयार करायचे म्हणजे भर मुख्यतः सिद्धान्तावर असायचा. इथे सकाळी एक तंत्र बघायचं आणि त्याच दिवशी खऱ्या विद्यार्थ्यांवर ते करून पाहायचं. पुढे तो वर्ग वाढला, केंब्रिजकडे गेला, पण गाभा तोच राहिला. आज सेल्टात किमान १२० तासांचं काम असतं. त्यातले सहा तास तू प्रत्यक्ष शिकवायचं, दोन वेगवेगळ्या पातळ्यांच्या प्रौढ विद्यार्थ्यांना, आणि प्रत्येक वेळी प्रशिक्षक मागे बसून पाहतात. आणखी सहा तास अनुभवी शिक्षकांचे वर्ग तू पाहायचे. चार लेखी कामं असतात. पूर्ण वेळ केलं तर चार-पाच आठवडे. शिवाय प्रत्येक तुकडीला बाहेरचा परीक्षक येऊन पाहून जातो. जाहिरातीतला १२० हा आकडा बहुधा इथूनच उचललेला असावा. आकडा उचलणं सोपं आहे, ते सहा तास कुठून आणणार?

त्या सहा तासांबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण माझं मत त्यातूनच बनलं आहे.

मी एकेचाळीस वर्षांची होते. शिरपूरकडच्या एका शाळेत सोळा वर्षं शिकवून झाली होती. ओळ वाचायची, मराठीत अर्थ सांगायचा, प्रश्नोत्तरं फळ्यावर लिहून द्यायची. निकाल चांगला लागायचा. पण दहावीचा पोरगा इंग्रजीत पाणी मागू शकत नव्हता, आणि ते माझ्या मनाला टोचत होतं. ठेव मोडून सेल्टाची फी भरली. आई म्हणाली, "माय, बाई झाली ना तू, आता पुन्हा काय शिकणार?" तिला उत्तर देता आलं नाही.

मुंबईत दुसऱ्याच आठवड्यात मला 'यूज्ड टू' शिकवायचं होतं. समोर अकरा प्रौढ विद्यार्थी. एक शिंपी, केरळची एक नर्स, दोन गुजराती गृहिणी, आणि पूर्वी गिरणीत असलेले, आता वॉचमनचं काम करणारे एक काका. मी फळा भरून टाकला. रचना, नकार, प्रश्न, अपवाद. सोळा वर्षांचा हात होता, कुठे अडखळले नाही. मधून मधून विचारत होते, "डू यू अंडरस्टँड?" आणि सगळे माना डोलावत होते. मागच्या बाकावर आमच्या प्रशिक्षक बाई कागद घेऊन बसल्या होत्या. तास संपला. सामान आवरताना ते काका जवळ आले आणि हळूच मराठीत म्हणाले, "बाई, म्हणजे 'मी गिरणीत जायचो' असंच ना?"

चाळीस मिनिटांत मला जे जमलं नाही ते काकांनी एका वाक्यात केलं होतं. जायचो, करायचो, राहायचो. पूर्वी नेहमी, आता नाही. 'यूज्ड टू' म्हणजे हेच. मराठीत त्याला अख्खं घर बांधून तयार आहे आणि मी विटा मोजत बसले होते.

बाईंनी कागद पुढे केला. रागावल्या नाहीत. कागदावर दोन रकाने होते. एकात मी किती मिनिटं बोलले, दुसऱ्यात विद्यार्थी किती बोलले. विद्यार्थ्यांची सगळ्यांची मिळून पाच मिनिटं. खाली नऊ टिंबं. मी नऊ वेळा "कळलं का" विचारलं होतं, त्याची. त्या एवढंच म्हणाल्या की 'हो' म्हणायला काही कळावं लागत नाही. पुढच्या तासाला मी वाक्य फळ्यावर लिहिलं आणि काकांनाच विचारलं : तुम्ही आता गिरणीत जाता? नाही. पूर्वी एकदाच गेला होतात? नाही, रोज. किती वर्षं? बावीस. असे तीन छोटे प्रश्न, आणि कळलं की नाही ते त्यांच्या उत्तरातून मला दिसलं. प्रशिक्षणात याला आशय तपासणारे प्रश्न म्हणतात. मग प्रत्येकाने शेजारच्याला आपल्या जुन्या कामाबद्दल, जुन्या घराबद्दल सांगायचं होतं. वर्गात गलका झाला. गलका म्हणजे शिस्त गेली, असं मी सोळा वर्षं समजत आले होते.

सोळा वर्षांत माझ्या वर्गाच्या मागच्या बाकावर तपासणीला येणारे साहेब सोडून कोणी बसलं नव्हतं, आणि साहेब टाचणवही पाहून जात. म्हणून कोणत्याही अभ्यासक्रमाचे पैसे भरण्याआधी तू एवढंच विचार : मी किती तास, कोणाला शिकवणार, आणि मागे कोण बसणार? शिकणारे खरे असले पाहिजेत. सोबतच्या प्रशिक्षणार्थींनी विद्यार्थ्याचं सोंग घेऊन बसणं चालत नाही, त्यांना सगळं आधीच येतं. उत्तर गोलमोल आलं तर पैसे भरू नकोस. सवलत रात्री संपू दे, उद्या पुन्हा सुरू होईल.

सेल्टाला वय १८ पुरतं, वरची मर्यादा नाही. आधी लेखी काम देतात, मुलाखत घेतात, आणि इंग्रजीची पातळी बरीच वरची लागते. युरोपात ए-वन ते सी-टू अशा सहा पायऱ्या मानतात, त्यांतली पाचवी-सहावी. तिथे जन्म कुठला हे विचारत नाहीत. फी मात्र मोठी आहे, राहण्या-जेवणाचा खर्च वेगळा, म्हणून घाई करू नकोस. आणि एक लक्षात ठेव, हे प्रमाणपत्र बी.एड.ची जागा घेत नाही. जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेत पहिली ते आठवीला शिकवायचं तर टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, लागतेच. तुझं बी.एड. झालं आहे, तर तो रस्ता सोडू नकोस.

पैसे कमी असतील तर केंब्रिजचीच टीकेटी नावाची चाचणी आहे. मुख्य भाग तीन : भाषा आणि ती कशी शिकली जाते, पाठाचं नियोजन, वर्ग चालवणं. प्रत्येकाला ८० प्रश्न, ८० मिनिटं. नापास हा प्रकार नाही, एक ते चार अशा श्रेणी मिळतात. एकेक भाग सुटा देता येतो. तिच्यात वर्गात शिकवून दाखवायचं नसतं, ही तिची मर्यादा. पण अभ्यासाला चांगली चौकट मिळते. हैदराबादचं इंग्रजी आणि परकीय भाषांचं विद्यापीठ १९५८ साली इंग्रजीची केंद्रीय संस्था म्हणून सुरू झालं तेच मुळी इंग्रजी शिकवणारे तयार करायला. तिथल्या अध्यापनाच्या अभ्यासक्रमांचीही चौकशी कर.

आणि या महिन्यात, एक पैसा न भरता : एखाद्या मैत्रिणीला तुझ्या वर्गात मागे बसव. घड्याळ आणि कागद दे. दोन रकाने आखून दे.

प्रश्न : ताई, मी शहाद्याचा शेतकरी. मुलगी इंग्रजीत एम.ए. आहे. एक एजंट म्हणतो, टेसॉल करा, कोरियात शाळेत नोकरी लावून देतो. दीड लाख मागतो. द्यावे का?

उत्तर : नाना, देऊ नका. दक्षिण कोरियात परदेशी इंग्रजी शिक्षकांना जो ई-टू व्हिसा मिळतो, तो मुख्यतः सात देशांच्या नागरिकांसाठी आहे : अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. भारत-कोरिया करारामुळे भारतीयांना सहायक शिक्षक म्हणून एक अरुंद वाट आहे, पण तिला पदवीसोबत इंग्रजी शिक्षकाची पात्रता लागते, टेसॉलने ती उघडत नाही. कोणतंही प्रमाणपत्र आणलं तरी पासपोर्ट बदलत नाही. हा नियम मला अन्यायाचा वाटतो. उत्तम शिकवणारी आपली मुलगी बाजूला राहते आणि ज्याने एकही वर्ग घेतलेला नाही तो केवळ जन्माच्या गावामुळे आत जातो. पण नियम आहे तोवर पैसे तुमचे जातील. कोणत्याही देशाबद्दल त्या देशाच्या वकिलातीचा नियम मुलीने स्वतः वाचावा, एजंटच्या तोंडून ऐकू नये. मुलगी शिकवण्यात खरंच रमत असेल तर पुण्या-मुंबईच्या आंतरराष्ट्रीय शाळा, कंपन्यांतले इंग्रजीचे वर्ग, परदेशी जाणाऱ्यांसाठीच्या आयएल्ट्स या इंग्रजी परीक्षेची तयारी करून घेणाऱ्या संस्था इथे काम आहे, आणि तिथे चांगल्या प्रशिक्षणाची किंमत होते. घरात आधी तिलाच विचारा, तिला शिकवायचं आहे का.

प्रश्न : मॅडम, भुसावळला माझा स्पोकन इंग्लिशचा क्लास आहे. आठ वर्षं झाली. विद्यार्थी येतात, तिन्ही काळ पाठ करतात, वह्या भरतात आणि बोलत नाहीत. मी कुठलं प्रशिक्षण घेऊ म्हणजे ते बोलतील?

उत्तर : दादा, वही भरणं हे त्यांना काम वाटतं, कारण ते तुम्ही तपासता. बोलायची गरजच पडत नाही, म्हणून ते बोलत नाहीत. मला उत्तर ठाऊक आहे आणि तुम्हालाही ठाऊक आहे, तर मी तुम्हाला विचारू कशाला? "व्हॉट इज धिस?" "धिस इज अ पेन." पेन दोघांनाही दिसतंय.

भुसावळसारखं जंक्शन तुमच्या दारात आहे. दोन कागद तयार करा. दोन्हींवर दहा गाड्या. एका कागदावर सुटण्याच्या वेळा आहेत, फलाट कोरे. दुसऱ्यावर फलाट आहेत, वेळा कोऱ्या. जोडीतल्या एकाला एक, दुसऱ्याला दुसरा. कागद दाखवायचा नाही, विचारून आपला भरायचा. "व्हॉट टाइम डझ इट लीव्ह?" "विच प्लॅटफॉर्म?" ही दोन वाक्यं आधी मोठ्याने दहा-बारा वेळा म्हणून घ्या, सगळ्यांनी मिळून, मग जोडीने, मग एकेकट्याने, म्हणजे जीभ मोकळी होते. वीस मिनिटांत प्रत्येकजण दहा प्रश्न विचारतो आणि दहा उत्तरं देतो. तुम्ही फिरत फिरत ऐकायचं. मधे टोकायचं नाही. चुका कागदावर टिपा आणि शेवटी फळ्यावर नाव न घेता मांडा. चूक कोणाची ते त्याला कळतं, बाकीच्यांना कळण्याची गरज नाही.

काम देऊन भाषा शिकवण्याचा विचार फक्त परदेशातून आलेला नाही, हे मला अभिमानाने सांगावंसं वाटतं. भाषाशिक्षणाचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या साध्या शाळांत एक प्रकल्प केला. बंगळूर प्रकल्प म्हणून तो भाषाशिक्षणात जगभर ओळखला जातो. व्याकरण समोर मांडायचं नाही, मुलांना सोडवायला काम द्यायचं आणि ते इंग्रजीतून सोडवताना भाषा अंगी लागते, हा त्यांचा विचार. त्या कामांत रेल्वेचं वेळापत्रक होतं. मोठा वर्ग, फळा आणि खडू, एवढ्या सामानावर. आज परदेशातले प्रशिक्षण वर्ग त्याचा दाखला देतात आणि आपल्याकडच्या शिक्षकाच्या कानावर ते नावही गेलेलं नसतं, याचं वाईट वाटतं.

प्रशिक्षणाचं म्हणाल तर आधी मोबाइल वर्गात ठेवून एक तास ध्वनिमुद्रित करा. घरी ऐका. किती मिनिटं तुमचा आवाज, किती मिनिटं त्यांचा. मी वर पारोळ्याच्या मुलीला लिहिलं आहे ते वाचा. पुढच्या उन्हाळ्यात, क्लासला सुट्टी असते तेव्हा, पूर्ण वेळ सेल्टा करा. आठ वर्षं चाललेल्या क्लासला तेवढा खर्च झेपेल, आणि तो खर्च तुमच्या विद्यार्थ्यांच्या तोंडून वसूल होईल.

प्रश्न : ताई, नमस्कार. धडगाव तालुक्यात पाड्यावरच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. पहिली ते चौथी, दोन शिक्षक. मुलं घरी पावरी बोलतात. मराठी त्यांना पहिलीत प्रथम भेटते आणि इंग्रजीही त्याच दिवशी भेटतं. मी जळगावकडचा, मला पावरी येत नाही. प्रशिक्षणात सांगतात की इंग्रजीचा तास इंग्रजीतूनच घ्या. मी बोलतो, मुलं बघत राहतात. काय करू?

उत्तर : गुरुजी, तुमचं पत्र मी दोन दिवस टेबलावर ठेवलं होतं.

सेल्टाच्या पहिल्या दिवशी प्रशिक्षक बाई वर्गात आल्या आणि एक शब्द न सांगता तुर्की बोलू लागल्या. इंग्रजी नाही, मराठी नाही, हिंदी नाही. पेन उचललं, "बु ने?" आम्ही गप्प. "बु बीर कालेम." पुन्हा पेन, पुन्हा तेच. मला घाम फुटला होता. काहीच हाताला लागत नव्हतं. मग त्यांनी पुस्तक उचललं आणि म्हणाल्या, "किताप." किताब! त्या एका शब्दाला मी बुडत्याने फांदी धरावी तसं धरलं. मागचं कालेम म्हणजे कलम हेही तेव्हा उजाडलं. त्यानंतर पाऊण तास मी मजेत शिकले. ट्रिनिटीच्या अभ्यासक्रमात तर अनोळखी भाषा काही तास शिकणं आणि तेव्हा मनात काय चाललं ते लिहून काढणं हा भागच ठेवलेला आहे. कारण शिकणाऱ्याच्या जागी बसून पाहिल्याशिवाय ही भीती आठवत नाही.

तुमच्या मुलांच्या हाताला ती फांदी द्यायला हवी. दोन मार्ग सांगते.

मुलांना इंग्रजी शब्द येतात, फक्त ते इंग्रजी आहेत हे त्यांना ठाऊक नाही. मोबाइल, बॅटरी, बस, जीप, ट्रॅक्टर, मोटर, पाइप, टॉर्च, बिस्किट, बाटली म्हणजे बॉटल. एक दिवस फक्त हेच गोळा करा. मुलं चित्र काढतील, तुम्ही नाव म्हणा, ती म्हणतील. पहिल्याच दिवशी पंधरा शब्द आपले आहेत हे त्यांना कळू दे.

दुसरा मार्ग तुमच्याकडून मुलांकडे जाण्याचा आहे. रोज मुलांकडून तीन पावरी शब्द शिका. वर्गात, सगळ्यांसमोर. चुकीचं म्हणा, ती हसतील, सुधारतील. हसू द्या. शिक्षक चुकतो, पुन्हा म्हणतो आणि त्याचं काही बिघडत नाही, हे मुलांनी डोळ्यांनी पाहिलं की तीही तोंड उघडतात. मला पाचवीत कोणी हे दाखवलं असतं तर माझी दहा वर्षं वाचली असती. महिन्याभरात 'बसा', 'उठा', 'पुन्हा म्हण', 'शेजारच्याला विचार' एवढ्या सूचना पावरीत देण्याइतके शब्द तुमच्याकडे होतील. चौथीच्या दोन मुली दुभाषी म्हणून हाताशी घ्या. त्यांचा मान वाढेल.

'इंग्रजीतूनच घ्या' या सूचनेबद्दल माझं मत स्पष्ट आहे. जिथे वर्गात बारा देशांची माणसं बसलेली असतात तिथे ती नाइलाजाने जन्मली, कारण सगळ्यांची अशी एक भाषा तिथे नसतेच. पाड्यावर एकच भाषा आहे. काय करायचं ते मुलांच्या भाषेत सांगा आणि करताना इंग्रजी वापरा. कानावर इंग्रजी पडायला हवं हे खरं, पण ते कृतीला बांधलेलं असलं पाहिजे. जेम्स ॲशर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांची एक पद्धत आहे : शिक्षक आज्ञा देतो, मुलं शरीराने उत्तर देतात. "स्टँड अप", "टच द डोअर", "रन टू द ट्री", "जंप". पहिले काही आठवडे मुलांनी बोलायचंच नाही, फक्त करायचं. लहान मूल घरी भाषा अशीच शिकतं, वर्षभर ऐकतं आणि मग बोलतं. तुमच्या शाळेला अंगण असेल, झाडं असतील, उतार असेल. वर्गात कोंडू नका. मुलांना जमायला लागलं की आज्ञा त्यांना देऊ द्या आणि तुम्ही पळा.

चौथीच्या मुलांसाठी होळीची चित्रं करा. सातपुड्यातल्या होळीचं मुलं जेवढं सांगू शकतील तेवढं तुम्हाला-मला कोणत्या पुस्तकात सापडणार आहे? ढोल, मोरपीस, घुंगरू, आग, रात्र. सहा चित्रं, प्रत्येकाखाली एक इंग्रजी वाक्य, एक मराठी, आणि एक पावरी देवनागरीत, मुलं सांगतील तसं. ते भिंतीवर लावा. ती भिंत त्यांचं पहिलं पुस्तक होईल.

दुसरे शिक्षक आहेत म्हणालात. आठवड्यातून एक दिवस वीस मिनिटं तुम्ही त्यांच्या वर्गात मागे बसा, एक दिवस ते तुमच्या. त्या वेळी दुसऱ्या वर्गाला चित्र काढायला द्या. गुण द्यायचे नाहीत, दोष काढायचे नाहीत. एवढंच लिहा : कोणतं मूल बोललं, कोणतं बोललं नाही. तुमच्या केंद्रातल्या शाळांच्या शिक्षण परिषदेत तो कागद घेऊन जा आणि बाकीच्यांना दाखवा.

होळी झाली की मला पुन्हा लिहा. भिंतीचा फोटो पाठवा, आणि मुलांनी शिकवलेले पहिले दहा पावरी शब्द त्यांच्या अर्थासह पाठवा. ते मी पाठ करणार आहे.